टाकीच्या तोंडाशी

अण्णा, सोमवारपर्यंत मला तुमच्या नावापुढे ‘नियमाचे उल्लंघन’ असं लिहून खाली सही करायची आहे. मुख्य कार्यालयाने मसुदा तयारच करून पाठवलाय. ‘अपघाताचे मूळ कारण’ या रकान्यात एकच वाक्य आहे: पर्यवेक्षक सुभानराव यांनी पूर्ण प्रशिक्षण झालेले असतानाही, श्वसनाचे साधन न लावता टाकीत प्रवेश केला. त्या वाक्यातला एक शब्दही खोटा नाही, आणि म्हणूनच गेले तीन दिवस मी ती फाइल उघडते, वाचते आणि मिटते. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले.

कंपनीची सेफ्टी मॅनेजर मी, त्यामुळे सही माझीच लागते. सही झाली की प्रकरण मिटलं, असं फोनवर मला अगदी गोड आवाजात सांगण्यात आलं. जाणारा गेला, त्याला आता काय फरक पडतो, असंही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून ‘बघते’ एवढंच निघालं. तुम्ही असता तर लगेच टोकलं असतं, “बघते म्हणजे काय अक्का? होय म्हणा, नाहीतर नव्हे म्हणा.”

तुमच्या मुलीहून मी जेमतेम दोन वर्षांनी मोठी, आणि मला तुम्ही पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत आलात. तो पहिला दिवस आठवतो का? सात वर्षांपूर्वी मी पुण्याहून डिप्लोमा आणि लॅपटॉप घेऊन आले होते. बंगळुरात, व्हाइटफील्डच्या एका सोसायटीच्या बेसमेंटात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या घरघरीत, मी सगळ्यांशी हिंदीत बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही मला मराठीत उत्तर दिलंत. मी विचारलं, तुम्ही कुठले? “इथलाच. बनशंकरी.” म्हटलं, नाही, मूळचे? “मूळचा पण बनशंकरीच. त्याच्या मागचं पाहिजे तर साडेतीनशे वर्षं मागं जावं लागेल, तेवढा वेळ हाय का तुम्हाला?” माझ्या भोवतीची सगळी माणसं हसली आणि मी लाल झाले.

तुमच्या ‘स्वल्प थांबा’वर आणि ‘ठीक’ऐवजी येणाऱ्या ‘सरी’वर मी हसायचे. तुम्ही माझी बोली ऐकून घ्यायचात आणि शांतपणे म्हणायचात, “अक्का, तुमच्या मराठीत मराठी स्वल्पच हाय बघा.” खरंच होतं ते. ‘हॅझार्ड आयडेंटिफिकेशन’ला मराठी शब्द काय, हे मला सांगता येत नव्हतं. तुमच्याकडे मात्र त्यासाठी शब्दसुद्धा नव्हता, प्रश्न होता. रोज सकाळी साडेआठला कामगारांना घेऊन टाक्यांपाशी उभं राहायचं आणि कन्नडमध्ये विचारायचं, “इल्ली येनु कच्चुत्ते?” इथं काय चावेल? प्रत्येकाने एक सांगायचं आणि कालचं आज सांगायचं नाही. ओली पायरी चावेल. उघडी वायर चावेल. एकदा कोणीतरी चेष्टेने ‘मॅडम चावतील’ म्हणाला, तर तुम्ही तेही वहीत लिहून घेतलंत आणि पुढे कारण लिहिलंत: घाईत असतात. मी ती वही तपासायला मागितली तेव्हा तुम्ही ते पान झाकलं नाही.

तुमची ही नजर कामावरून सुटल्यावरही मिटायची नाही. लग्नात जेवायला बसलात की आधी सांबाराचं भांडं कोपऱ्यावरून आत सरकवायचात. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी घ्यायला थांबलो की स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करू द्यायचा नाहीत, गरम ट्रे घेऊन पोरं तिथूनच धावतात म्हणून. मला लाज वाटायची. चार माणसांत हा माणूस आपल्याला लहान मुलीसारखं खांद्याला धरून सरकवतो, असं वाटायचं.

आणि तो गीझर. गणपतीत तुम्ही आणि वहिनी माझ्या फ्लॅटवर जेवायला आलात. हात धुवायला बाथरूममध्ये गेलात ते दहा मिनिटं बाहेरच येईनात. आलात तेव्हा चेहरा उतरलेला. “अक्का, आंघोळ झाल्यावर तुमचं डोकं दुखतं का?” मी म्हटलं, रोज दुखतं, ट्रॅफिकचा विचार करूनच दुखत असेल. तुम्ही हसला नाहीत. बंद बाथरूम, कबुतरं येऊ नयेत म्हणून मी खिडकीला लावलेला पत्रा, आणि भिंतीवर गॅसचा गीझर. दुसऱ्यांच्या टाक्यांमधली हवा मोजत मी गावभर हिंडत होते आणि स्वतःच्या बाथरूममध्ये रोज सकाळी विषारी वायू हुंगत होते! “उद्या नव्हे, आत्ता,” म्हणालात. प्लंबर येऊन गीझर बंद करून जाईपर्यंत तुम्ही पानावर बसला नाहीत. मोदक थंड झाले. वहिनी मला म्हणाल्या, “यांचं असंच हाय, तुम्ही मनावर घेऊ नका.” त्यानंतर माझं डोकं दुखायचं थांबलं. मी तुमचे आभार मानले नाहीत. सगळ्या ऑफिससमोर तुम्ही हे सांगाल, याच भीतीत होते. तुम्ही कोणालाही सांगितलं नाहीत.

हे सगळं मी का लिहितेय, तर मला ज्यावर यायचंय त्यावर यायची हिंमत होत नाही. आपलं भांडण राहिलंय, अण्णा.

टाकीत माणूस उतरतो तेव्हा एक माणूस बाहेर, टाकीच्या तोंडाशी उभा असतो. त्याला दुसरं काम नसतं. आतल्यावर नजर ठेवायची, काही झालं तर शिट्टी मारायची आणि तिवईवरची विंच फिरवून आतल्याला दोरीने वर घ्यायचं. त्याने स्वतः आत जायचं नाही. सख्खा बाप आत पडला तरी नाही. पहिल्याला ज्या वायूने पाडलं तोच दुसऱ्याला पाडतो, आणि वाचवायला उतरलेलेच अशा अपघातांत जातात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मी हे स्लाइडवर दाखवायचे. तुम्ही त्या माणसाला बांधायचात. कमरेला रुंद पट्टा, आणि पट्ट्यापासून मागच्या खांबातल्या कडीपर्यंत दीड हात दोर. हात विंचपर्यंत पोचेल, पाय तोंडापर्यंत पोचणार नाही. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे, त्याचं त्याला सुटणार नाही असं.

हे कुठून आलं ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, कॅबमध्ये, मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाडी पाऊण तास अडकली होती तेव्हा. तुम्ही पंचविशीत होता, एका कारखान्यात. दोन भाऊ कामाला होते. थोरला टाकीत पडला. धाकटा धावला. तुम्ही त्याला मागून शर्टाला धरलंत. शर्ट फाटला आणि तुमच्या हातात राहिला. “शर्टाला धरून माणूस थांबत नाही अक्का,” म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

एवढं ऐकूनही मी ते केलं. एका रहिवाशाने गाडी लावताना तुमच्या बांधलेल्या माणसाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: आपल्या बेसमेंटात कामगारांना जनावरासारखं बांधून ठेवतात. तासाभरात अध्यक्षांचा फोन, मग माझ्या साहेबांचा. मी आपल्या सगळ्या शुद्धीकरण केंद्रांना मेल लिहिला की ही प्रथा तात्काळ बंद करावी, ती आपल्या कार्यपद्धतीत नाही, बाहेरच्या माणसाचं प्रशिक्षण झालेलं आहे आणि ते पुरेसं आहे. वरून दबाव होता हे खरं. पण मला स्वतःलाही तो पट्टा आवडत नव्हता, हे त्याहून खरं. माणसाला खांबाला बांधायचं, हे मला बघवायचं नाही. आणि आग लागली तर तो सुटणार कसा?

तुम्ही भांडायला आलात ते गेटबाहेरच्या चहाच्या गाडीपाशी. आग लागली तर ऑपरेटर असतोच सोडवायला, हे तुमचं उत्तर तयार होतं. मग तुम्ही माझीच स्लाइड माझ्यासमोर धरलीत. “ती शिडी शिकवता नव्हे तुम्ही? धोका मुळातच काढून टाका, ती वरची पायरी. मग आडवं काहीतरी घाला, कठडा, जाळी. मग नियम. मग हेल्मेट, मोजे. नियम कुठं आला?” मी म्हटलं, खालून दुसरा. “आणि पट्टा?” पट्टा हाही नियमच आहे अण्णा, मी म्हटलं. “नव्हे. पट्टा कठडा हाय. नियम डोक्यात असतो. पाय डोक्याला विचारून धावत नाहीत.”

मी चिडले. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे हे मला कळत होतं, म्हणून जास्तच चिडले. आणि विचारलं, “इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला स्वतःवर एवढासुद्धा विश्वास नाही?”

“नाही,” तुम्ही म्हणालात.

मी हसले. अण्णा, मी हसले हो तेव्हा. मला वाटलं तुम्ही हट्टाने बोलताय. तुम्ही चहाचा ग्लास ठेवलात, “सरी” म्हणालात आणि त्या दिवसापासून सगळे पट्टे काढून कपाटात ठेवलेत. पुन्हा तो विषय काढला नाहीत. दुसरा एक अर्ज मात्र दर महिन्याला पाठवत राहिलात: टाकीतला पंप साखळीने वरून ओढून घेता येईल असे रूळ बसवा, म्हणजे माणसाला उतरावंच लागणार नाही. तोही मी दर महिन्याला पुढे पाठवत राहिले.

यानंतर पाच महिन्यांनी तो दिवस आला. त्याच सोसायटीच्या टाकीतल्या पंपात चिंध्या अडकल्या होत्या. आत शिवू उतरला, चाळिशीचा, तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला. उतरण्याआधी तुम्ही मीटरने हवा तपासलीत, ब्लोअर लावून ताजी हवा आत सोडलीत, परवान्यावर वेळ घातलीत. तोंडाशी उभं राहायचा माणूस रजेवर होता, म्हणून तिथं तुम्ही स्वतः उभे राहिलात. विंचवर ऑपरेटर नागेश. साडेअकराला वीज गेली. जनरेटर सुरू झाला, दिवे लागले आणि सगळ्यांना वाटलं, झालं. ब्लोअरचं प्लग पॉइंट जनरेटरच्या लाइनवर नव्हतं. माझ्या तपासणीच्या यादीत ‘जनरेटर आहे का’ असा प्रश्न होता आणि मी त्यापुढे बरोबरची खूण केली होती. ‘ब्लोअर त्यावर चालतो का’ असा प्रश्न यादीत नव्हताच. यंत्रांच्या घरघरीत एक आवाज कमी झालाय, हे ओळखायला तुम्हाला किती क्षण लागले असतील? नागेश म्हणतो, फार नाही. तुम्ही ओरडलात, “शिवू, मेले बा!” वर ये. पण तोवर त्याने तळाचा गाळ ढवळला होता आणि त्यातला वायू सुटला होता.

त्याच्या पाठीला दोरीचा हूक असायला हवा होता. पंपाच्या साखळीत अडकतो म्हणून त्याने तो काढून ठेवला होता. शिवूने आता स्वतःच सांगितलंय हे, रडत रडत. तो पडला तेव्हा हूक मोकळाच लोंबत होता. विंच फिरवून काय वर येणार होतं?

नागेश सांगतो, तुम्ही शिट्टी मारलीत. एकदा विंचकडे बघितलंत. मग त्याला म्हणालात, “मी शिडीवर ठोकलं की फिरव. आणि तू उतरायचं नाहीस.” मोठा श्वास घेतलात आणि गेलात. खालून शिडीवर दोन ठोके आले. त्याने फिरवलं, शिवू वर आला. नागेशने हूक पुन्हा खाली सोडला. मग काहीच आलं नाही.

नागेश उतरला नाही. तोंडाशी उभा राहून तो शिट्टी वाजवत राहिला, अग्निशमनवाले पाठीला सिलिंडर बांधून येईपर्यंत. तुम्ही शिकवलेलं त्याने तुमच्यावरच पाळलं. आता तो कोणाशी बोलत नाही. मला एवढंच म्हणाला, “मॅडम, अण्णा म्हणाले होते उतरू नको.” मी त्याला दहा वेळा सांगितलं की तू बरोबर केलंस, आणि दहाही वेळा त्याने मान हलवली.

मी तेव्हा देवनहळ्ळीला होते, एका नव्या वसाहतीचं केंद्र तपासायला. कॅबला पोचायला दोन तास लागले. मला आधी तुमचे बूट दिसले. चादर तेवढी लांब नव्हती.

तेराव्याला वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. “अक्का, लोक म्हणतात ते स्वतःच उतरले म्हणे. चूक त्यांचीच म्हणे. खरं काय ते तुम्ही तरी सांगा.” मी म्हटलं, “वहिनी, चौकशी चालू आहे.” असलं सरकारी उत्तर, आणि तेही तुमच्या चुलीपाशी उभं राहून. त्यांनी माझ्या हातात पान ठेवलं आणि जेवायला बसवलं.

इथवर शुक्रवारी लिहून मी थांबले होते. आज रविवार आहे. मधल्या शनिवारी जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

शनिवारी सकाळी मी मुख्य कार्यालयाचा मसुदा बाजूला ठेवला आणि स्वतःचा अहवाल लिहिला. कारणं तीन: बाहेरच्या माणसाचा पट्टा सुरक्षा व्यवस्थापकाच्या लेखी आदेशाने बंद झाला होता, ब्लोअर जनरेटरवर नाही हे सुरक्षा व्यवस्थापकाच्या तपासणीत सुटलं, आणि पंप वर घेण्याच्या रुळांची मागणी वारंवार होऊनही मान्य झाली नव्हती. तुमच्याबद्दल मी लिहिलं: पर्यवेक्षकांनी प्रसंगावधान राखून अतुलनीय धैर्याने सहकाऱ्याचे प्राण वाचवले. ते वाक्य लिहिताना मी रडले आणि मला फार बरं वाटलं. तुमचं नाव स्वच्छ झालं, माझ्या वाट्याचं ओझं माझ्या डोक्यावर आलं. पाठवण्याआधी वहिनींना वाचून दाखवावं म्हणून निघाले. मेट्रोने, मॅजेस्टिकला बदलून, बनशंकरीपर्यंत तो कागद हातात धरून बसले होते.

वहिनी अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी वाचत गेले. पट्ट्याच्या कलमावर त्यांचा हात थांबला.

“पट्टा काढा म्हणून तुम्ही सांगितलं?”

“हो.”

“ते घरी बोलले होते. तुमचं नाव नाही घेतलं. आपिसातून बेडा म्हणाले, नको म्हणून, एवढंच.” हातातली शेंग त्यांनी तशीच खाली ठेवली. मला वाटलं, आता मला ऊठ म्हणतील, आणि त्यांनी म्हणावं असंही वाटलं. “पट्टा असता तर ते असते.”

“हो, वहिनी.”

“आणि तो शिवू?”

“तो नसता.”

“त्याची बायको आली होती. दोन पोरींना घेऊन. पाया पडायला वाकली आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं. मला नाही जमलं, अक्का.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “यांचं काय लिहिलंय ते परत वाचा.”

मी वाचलं. प्रसंगावधान म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “हे खोटं हाय.”

मी म्हटलं, खोटं कसं, त्यांनी माणूस वाचवला.

“वाचवला. पण हे खोटं हाय. तुम्हाला मालूम नाही, कुठं असं झालं आणि पेपरात ‘धाडसानं उडी घेतली’ म्हणून आलं, की ते ताट सरकवून उठायचे. म्हणायचे, हे वाचून आणि चार जण उड्या मारतील. आता तुम्ही त्यांचंच तसं लिहिताय? त्यांचं चुकलं म्हणून लिहा. तुमचं चुकलं ते तुम्ही लिहिलंच. दोघांचं लिहा. एकट्यानं सगळं अंगावर घेतलंत तर लोक म्हणतील बाई रडून लिहिली, आणि वाचून बाजूला टाकतील.”

मी तिथंच, त्यांच्या जमिनीवर बसून, ते वाक्य खोडलं. काय लिहायचं ते सुचेना. त्या सोलत राहिल्या, मी लिहीत-खोडत राहिले, मध्ये त्यांनी कॉफी आणून ठेवली. शेवटी झालं ते असं: पर्यवेक्षक श्वसनाच्या साधनाशिवाय टाकीत उतरले. ही चूक होती. प्रशिक्षणाने ही चूक थांबत नाही हे त्यांना माहीत होते, त्यांनी तसे सुरक्षा व्यवस्थापकांना सांगितले होते, आणि ती थांबवणारे साधन सुरक्षा व्यवस्थापकांनी काढून घेतले होते.

वहिनींनी ते ऐकलं, दोनदा. “सरी,” म्हणाल्या. तुमच्यासारखंच म्हणतात त्या, हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. मी निघाले तेव्हा त्यांनी मला पुन्हा या म्हटलं नाही, आणि मीही येते म्हटलं नाही. जिन्यावर मागून हाक आली, “शिवूच्या बायकोला सांगा, स्वल्प दिवस थांब म्हणावं. मग ये म्हणावं.”

सोमवारची वाट न बघता मी तो अहवाल सही करून आज सकाळी पाठवला. दुपारी फोन आला. आवाज या वेळी गोड नव्हता. असं लिहून तुम्ही कंपनीला आणि स्वतःला कुठं नेऊन ठेवताय याचा विचार केलाय का, असं विचारलं. मी ‘होय’ म्हटलं. ‘बघते’ नाही म्हटलं. माझी नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. भीती वाटते, अण्णा. घरभाडं आहे, आई पुण्यात एकटी आहे. पण पट्टा सगळ्या केंद्रांवर पुन्हा लावण्याचा आदेश मी अहवालाबरोबरच काढलाय, तो मागे घ्यायचा तर त्यांना स्वतःच्या सहीने घ्यावा लागेल.

आता जे अहवालात बसत नाही ते. तुम्ही उतरायला नको होतं, असं मी लिहून दिलं आणि ते मला मनापासून पटलेलं आहे. उद्या प्रशिक्षणात मी ते शिकवीन, आणि पुढच्या रांगेत शिवू बसलेला असेल. तो जिवंत आहे याचा मला आनंद होतो. त्याच्या तोंडाकडे मला बघवत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि यातलं कुठलं आधी थांबेल ते मला कळत नाही.

सोसायटीवाले तुमच्यासाठी शोकसभा घेणार आहेत. तो फोटो टाकणारेच गृहस्थ बोलणार आहेत, शूर माणूस होता म्हणून. मी जाईन, मागे उभी राहीन. पण मला शूर माणूस नको होता, अण्णा. मला सकाळी साडेआठला बेसमेंटात भांडायला माणूस हवा होता, माझ्या प्रत्येक कागदावर ‘हे बरं नव्हे बघा’ म्हणणारा. तुम्ही मला जिन्यावरून, दारापासून, गॅसपासून, सगळीकडून खांद्याला धरून मागे ओढलंत, आणि माझी पाळी आली तेव्हा मी देवनहळ्ळीला होते. त्या दिवशी तुम्ही भित्रे निघायला हवे होतात.